पाणी तापलंय

नगरपालिकेने पितळी पाटीसाठी मंजूर केलीत
चाळीस अक्षरं. पुढच्या प्रत्येक अक्षराला सव्वा डॉलर,
आणि स्वल्पविरामही अक्षरच धरतात,
असं कोरणाऱ्याने फोनवर दोनदा सांगितलं.
काम माझ्याकडे आलं, कारण टॅमरॅक सायडिंगमध्ये
तिला पाहिलेली माणसं आता चारच उरलीत
आणि त्यातल्या तिघांचे हात कापतात.

लेम्पी सालोरांता.
नावातच केवढी अक्षरं गेली.

"पहिली" असं काहीतरी लिहा, म्हणाले.
पहिली कशात?
गाडी फक्त मंगळवारी यायची,
डॉक्टर नव्वद मैलांवर, तोही बहुधा प्यालेला.
खाणवाल्या कंपनीने सोन्यासाठी सगळं आणलं होतं,
डायनामाइट, घोडे, तिजोरी, तिजोरीला राखणदार.
माणसांना अंग धुवायला मात्र नदी दाखवली,
जी ऑक्टोबर सरता सरता दगड व्हायची.

तिचा नवरा पहिल्याच हिवाळ्यात खाली उतरला
आणि वर आला नाही.
भरपाईच्या पैशांत तिने ओंडके घेतले,
मधोमध दगडांची चूल रचली
आणि न्हाणीघर बांधलं. शनिवारी दहा सेंट.
विधवांना फुकट, पण तसं मोठ्याने म्हणायचं नाही;
त्यांनी डब्यात बटण टाकायचं, खण्णकन वाजलं की झालं.

कंपनीचा कारकून एकदा तक्ता घेऊन आला:
परदेशी कधी, नदीपलीकडचे ओजिब्वे कधी,
साहेबांच्या बायका कधी.
तिने तो नीट वाचला,
घडी घातली, चुलीत सारला,
आणि आत आलास म्हणून त्याच्याकडून दहा सेंट घेतले.

माझी आई तिथेच बाळंत झाली.
जानेवारी. उणे त्रेचाळीस.
अख्ख्या गावात ऊब धरून राहिलेली तेवढी एक खोली.
मॅडलिन वाबूस गोठल्या नदीवरून चालत आली.
दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती,
पण माझं डोकं कुठे अडलंय
ते दोघींनाही एकदमच कळलं.

देवी नव्हती हो. पत्त्यांत लबाडी करायची.
सख्ख्या बहिणीशी एका गायीवरून अकरा वर्षं अबोला.
"ओरिस्का, मान!" असं ओरडून
डांबरी साबणाचा ब्रश असा फिरवायची
की आम्ही पोरं म्हणजे जणू बटाटेच.

अडतीस साली तिसरा बोगदा बसला.
सात जण आणले, एका रात्रीत,
त्याच फळीवर, जिथे मी पहिल्यांदा रडले होते.
तिने दार लावून घेतलं आणि पाणी तापवलं.
मेलेल्यांना गरम पाणी कशाला, असं कुणी विचारलं नाही.
कानांच्या पाळ्या, बोटांच्या बेचक्या, सगळं.
बाबांच्या नखांतली धूळ निघेना,
तेव्हा तिने अंबाड्यातली पिन काढली.
आई हे सांगताना
नेहमी पिनेपाशी थांबायची.
पुढचं मला अजून माहीत नाही.

आता तिथे बर्फ काढायच्या गाड्यांची शेड आहे.
चुलीतला एक दगड मी उचलून आणलाय,
दार उघडं राहावं म्हणून लावते.
त्याला पाहून काही आठवतं असं नाही.
जड आहे, एवढंच.

रात्री कागदावर लिहून पाहिलं:
समाजसेविका. (खोडलं. तिला हसू आलं असतं.)
सुईण. (अर्धंच.)
आधारवड. (इथे झाडं अशी वाढतच नाहीत.)

मग आठवलं, शनिवारी चार वाजता
ती बर्फात अनवाणी उभी राहायची,
अंगावर वाफ, हातात झारा,
आणि रुळांपर्यंत ऐकू जाईल असं
मोडक्या इंग्रजीत दोनच शब्द ओरडायची.

सकाळी तेच धाडले. नाव, खाली ते दोन शब्द.
साल नाही, स्वल्पविराम नाही.
कोरणारा म्हणाला, बाई, अक्षरं उरतायत,
आणि हे कुणाला कळणार?
म्हटलं, कोर तू.
ज्यांना थंडी वाजते त्यांना कळेल.

नगरपालिकेचं उत्तर अजून यायचंय.